तोंड शिवलेला खलिता

सिद्रामप्पाने खिशातला चाकू उघडून खलित्याच्या शिवणीला लावला, तेव्हा चिटणीस रामहरी कोपऱ्यात बसून शाई घोटत होता. शाई केव्हाच एकजीव झाली होती. तरी त्याने हात थांबवला नाही. 

"सिदू," ईरप्पा देसाई म्हणाले, "चाकू उघडल्याचा आवाज आला."

"शिवण उसवतोय, काका. आतले कागद तेवढे काढून घेतो. पिशव्या तुमच्या तुम्हाला राहतील."

"मीट तो."

सिद्रामप्पाने चाकू मिटला नाही, पण शिवणीवरून उचलला. तो ईरप्पांचा पुतण्या. विजापुरात वकिली करायचा, आणि आज सकाळच्याच गाडीने सोलापुरात उतरला होता. त्याच्यासमोर पितळी तबकात चार खलिते ठेवलेले होते, लाल आणि जरीचे, तळहाताएवढ्या रुंदीचे, आणि चारही तोंडे काळ्या दोऱ्याने शिवलेली. ईरप्पांच्या पत्नी सावित्रम्मांनी ते देवघरातून आणून ठेवले होते आणि त्या दाराशीच उभ्या होत्या.

खोली पेठेतल्या भाड्याच्या घराच्या वरच्या मजल्यावरची. खाली गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालत, त्यांची खटखट दिवसभर जमिनीतून वर येई. बोरगुंडीची देसगत, म्हणजे देसाईपणाचे वतन, सोडून ईरप्पा इथे आले ते कोर्टाच्या कामासाठी आणि डोळ्यांच्या औषधासाठी. कोर्टाचे काम निकालात निघाले, डोळे निकालात निघाले, आणि ते इथेच राहिले. आता त्यांना दिवस आणि रात्र एवढेच कळे. खिडकीजवळच्या गादीवर ते काठी आडवी टाकून बसत, आणि घरात कोण कुठे उभे आहे हे पावलांवरून सांगत.

सिद्रामप्पाचे म्हणणे सरळ होते, आणि त्याने ते वकिलाला शोभेल असे मांडले. पुण्याच्या साहेबाकडे मानकऱ्यांची यादी नव्याने होत होती. बोरगुंडीकरांचे नाव आजोबांच्या काळी त्या यादीत होते, मग गळले. ते पुन्हा घालायचे तर पुरावा हवा. आणि पुरावा घरातच होता. गेली दोन वर्षे दसऱ्याला आणि संक्रांतीला कलेक्टरसाहेब काकांच्या खलित्याला खलित्यानेच उत्तर देत होते. आजच्या काळात असा मान कुणाला मिळतो? त्या चार उत्तरांच्या नकला जोडल्या की काम झाले.

"कागद आत कुजवून काय उपयोग, काका? खलिता म्हणजे राजपत्र. पत्र वाचायला असतं."

"वाचलं की. आलं तेव्हा रामहरीनं वाचलं, आमी ऐकलं. मग तोंड शिवलं."

"ती जुनी रीत झाली."

"आणि खलिता म्हणजे पत्र नव्हे." ईरप्पांनी हात पुढे केला. सावित्रम्मांनी एक पिशवी त्यांच्या तळव्यावर ठेवली. "रामहरीचा बाप सांगायचा मला. शब्द अरबांचा. तिकडं तो खरीता, म्हणजे पिशवी. निव्वळ पिशवी. फारशी दरबारातून आपल्याकडं येईस्तवर र चा ल झाला, आणि आतल्या कागदाला पिशवीचं नाव पडलं. आता तू जेवायला बसतोस, आम्मा म्हणते, पान वाढलंय. तू पान खातोस होय? भातच खातोस. तरी नाव पानाचं. होय की नाही रे, रामहरी?"

"होय, धनी," रामहरी म्हणाला.

"मग भात बघू द्या की," सिद्रामप्पा म्हणाला.

ईरप्पा हसले. पण पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. बोरगुंडीकर देसायांच्या घरात रीत अशी होती की, एखाद्याला आलेला खलिता एकदा ऐकून झाला की घरच्या बाईने सर्वांदेखत त्याचे तोंड शिवायचे, आणि तो देवघरात ठेवायचा. शिवण मग कुणीही उसवायची नाही. त्या माणसाला माती देताना लिंगायतांच्या रीतीने मांडी घालून बसवतात, तेव्हा त्याचे खलिते त्याच्या मांडीवर ठेवायचे. ईरप्पांच्या आजोबांबरोबर टोपलीभर गेले होते म्हणत. वडिलांबरोबर एकही नव्हता.

"उद्या सांगतो," ईरप्पा शेवटी म्हणाले. "उद्या दुपारची तुझी गाडी. तोवर सांगतो."

रामहरीने घोटणे थांबवले तेव्हा दौतीच्या काठावर शाईचा फेस आला होता.

*

त्या चार पिशव्यांत काय आहे ते देसायांच्या घरात एकट्या रामहरीला माहीत होते.

त्याचे आजोबा देसायांचे चिटणीस, बाप चिटणीस. बाप गेला त्या पावसाळ्यात रामहरी त्या कोपऱ्यात बसला. दसऱ्याला ईरप्पांनी पहिला खलिता सांगितला, त्याने सोनेरी शिंपणाच्या कागदावर लिहिला, किनखापाच्या पिशवीत घातला, लाखेची मुद्रा केली आणि उपरणे घेऊन कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने पिशवी दोन बोटांत धरून उलटीपालटी केली आणि शेजारच्याला विचारले, ही कुणाच्या बाळंत्यातली कुंची आली? मग तो बराच सौजन्याने वागला. असले काही आता घेता येत नाही, साध्या कागदावर अर्ज करा, तिकीट लावा, असे त्याने समजावून सांगितले. रामहरीने व्हरांड्यात बसून तसा अर्ज लिहिला. महिन्याने त्याचे उत्तर आले. छापील अर्धा ताव, मधल्या मोकळ्या जागेत शाईने तारीख आणि नाव, खाली एक ओळ: अर्ज पाहिला, दप्तरी दाखल.

तो कागद खिशात घेऊन रामहरी जिना चढला. ईरप्पा त्या महिन्यात पावलांची चाहूल लागली की विचारत, आला काय? त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. रामहरीची पावले त्यांना कशी वाटली कोण जाणे. त्यांनी नुसते दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, प्रसाद घ्यायला करतात तसे.

"आलाय, धनी," रामहरी म्हणाला. "उद्या रीतसर आणतो."

त्या दिवशी खोटे बोलला ते एवढेच. त्या रात्रीचे काम कात्रीने आणि सुईने झाले. त्याच्या बायकोने, अंबुबाईने, आपल्या लग्नातल्या शालूचा पदर कापून पिशवी शिवली. पिशवीत कागद वाजायला हवा म्हणून रामहरीने तो छापील अर्धा ताव घातला. दुसरा एखादा घालता आला असता. चांगल्या कागदावर चांगला मजकूर लिहिणे त्याला जड नव्हते. पण लेखणी हातात घेतल्यावर त्याला बापाची आठवण झाली आणि त्याने ती खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ईरप्पांसमोर उभे राहून, तोच अर्धा ताव डोळ्यांपुढे धरून, तो खणखणीत आवाजात म्हणाला:

"राजश्री ईरप्पा देसाई बोरगुंडीकर यांसी. आपला खलिता पावला. वाचून मनास बहुत संतोष जाहला. आपल्या घराण्याचा स्नेह सरकारास विसर पडण्याजोगा नाही. सदैव कुशल लिहीत जावे."

ईरप्पांनी ते मान खाली घालून ऐकले. सावित्रम्मांनी तोंड शिवले. त्यानंतर संक्रांत आली, मग दसरा, पुन्हा संक्रांत. दर वेळी साधा अर्ज, दर वेळी अर्धा ताव, आणि दर वेळी पदराचा एक तुकडा.

*

मागच्या अंगाला देसायांनी चिटणिसाला दिलेली एक खोली होती. तिची एकुलती खिडकी देसायांच्याच भिंतीकडे उघडे. अंबुबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

"मागितला का दाखला?"

"नाही. सिद्रामप्पा आलेत."

"त्येंच्या येण्याचा आन दाखल्याचा काय संबंध?"

रामहरीने सांगितले. सांगताना तो खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीकडे बघत होता.

दाखला हवा होता हुबळीसाठी. अंबुबाईचा भाऊ जोतीराम तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. त्याने कळवले होते की त्याच्याच कचेरीत एक जागा रिकामी झाली आहे, साहेब मराठी-कानडी दोन्ही लिहिणारा माणूस शोधतो आहे, पहिल्या तारखेच्या आत ये. येताना आधीच्या मालकाचा चालचलणुकीचा दाखला आण, त्याशिवाय साहेब उभा करणार नाही. महिना संपत आला होता. रामहरी रोज सकाळी दाखला मागायचा असे ठरवून जिना चढे, आणि ईरप्पा म्हणत, बरं झालं आलास, कालचं वर्तमानपत्र अर्धंच राहिलं. आजोबांपासून कुणी या घरातून जायला निघालेच नव्हते, त्यामुळे निघायचे कसे याची रीतच नव्हती. पायात बेडी असती तर निदान दिसली असती.

"म्हंजे उद्या फुटणार," अंबुबाई म्हणाली.

"बहुतेक."

"मग फुटू द्या की एकदाचं. हाकलून देतील. दिलं तर गेलो आपण हुबळीला."

"हाकललेल्याला दाखला कोण देतं?"

अंबुबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.

"बरं, फुटलं न्हाई असं धरा. मग?"

"मग दसऱ्याला पाचवा."

"पदर संपलाय," ती म्हणाली. "आता कात्री निऱ्यांत घालावी लागंल. माझी आई म्हणायची, शालू जपून ठेव, लेकीच्या लग्नात मिरवशील. मिरवतोय बघा, देसायांच्या देव्हाऱ्यात." जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "सिद्रामप्पाला नगं, तुमीच सांगा की धन्यांस्नी. आज. त्येनं फोडायच्या आत."

 रामहरी आज संध्याकाळीच वर जाऊन आला होता, सांगायचे म्हणूनच. ईरप्पा एकटे होते. त्यांच्या मांडीवर एक खलिता होता आणि त्यांचा अंगठा पिशवीच्या काठावरून सावकाश फिरत होता. जरीच्या एका कोयरीशी थांबे, पुढच्या कोयरीवर जाई, पुन्हा मागे येई. मग त्यांनी ती पिशवी ठेवून दुसरी उचलली आणि त्याच जागी अंगठा लावला. रामहरी दारातच उभा राहिला. ईरप्पांनी पावले ओळखली असणार. पण त्यांनी हाक मारली नाही, आणि रामहरी जसा आला तसा परत खाली उतरला.

जिन्याच्या तळाशी सावित्रम्मा तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अंबूच्या लग्नाला मी होते की रे, मंद्रुपाला," त्या म्हणाल्या. "छान दिसत होती. लाल शालूत."

रामहरी कठड्याला धरून उभा राहिला. "आम्मा, तुम्ही त्यांना..."

"मी कशाला सांगू? मला कुणी विचारलं?" त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "दर वेळी माझ्याच हातानं शिवलं मी तोंड. मी काय सांगणार?"

*

दुसऱ्या दिवशी ईरप्पांनी पुतण्याला फार वेळ ताटकळत ठेवले नाही.

"नाही उसवायचं," ते म्हणाले.

सिद्रामप्पा रागावला, आणि राग आला की तो मराठी सोडून कानडीत जाई. त्याने बरेच ऐकवले. यादी दहा वर्षांनी एकदा होते. वडिलांच्या हयातीत गेलेले नाव पुन्हा लागायची ही एकच वेळ. चार दोरे तोडायचे आणि पुन्हा शिवायचे, देवाला काय कळणार आहे? ईरप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. वाक्ये संपली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साकु. पुरे झालं, सिदू."

"मग हा मान घेऊन करायचं तरी काय, काका?"

"मांडीवर घ्यायचा."

सिद्रामप्पाने टोपी घातली. निघता निघता तो रामहरीकडे वळून म्हणाला, "तू तरी नकला ठेवायच्या होत्यास. चिटणीस ना तू?" रामहरीने चूक झाली असे सांगितले. पुतण्याच्या जोड्यांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, गल्लीत मागांच्या खटखटीत मिसळला. रामहरीच्या पाठीवरचा सदरा ओला झाला होता. सुटलो, असे त्याला वाटले. ते वाटणे ईरप्पांच्या पुढच्या बोलण्यापर्यंतच टिकले.

"रामहरी, पहिला खलिता म्हण बघू. पहिल्या दसऱ्याचा. विसरायला होतं मला."

तबकातल्या शिवलेल्या पिशव्यांकडे बघत रामहरीने सुरुवात केली. राजश्री ईरप्पा देसाई बोरगुंडीकर यांसी. आपला खलिता पावला. वाचून मनास बहुत आनंद जाहला...

"संतोष," ईरप्पा म्हणाले.

"होय, धनी. संतोष जाहला."

"कागदावर आहे तेच म्हण. पदरचं घालू नको."

रामहरीने बाकीचे म्हटले.  ईरप्पांचा चेहरा खिडकीकडे होता, आणि त्यावर रामहरीला वाचता येण्याजोगे काही नव्हते. आज मागितले नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे त्याला कळून चुकले होते. त्याने मागितले. हुबळीचे सांगितले, जोतीरामचे सांगितले, पहिल्या तारखेचे सांगितले. मधूनच त्याला जाणवले की आपण कलेक्टरसाहेबांच्या आवाजात बोलतो आहोत, खणखणीत, एक शब्द न अडखळता. तो थांबला आणि साध्या आवाजात म्हणाला:

"मला जायचंय, धनी."

ईरप्पांनी काठी उचलून गुडघ्यांवर आडवी घेतली.

"तुझा बाप असं कधी म्हणाला नाही."

"नाही, धनी."

"म्हणावंसं वाटलं असेल त्याला?"

"मला नाही ठाऊक."

"मलाही नाही," ईरप्पा म्हणाले. "मी विचारलंच नाही." काठी बाजूला ठेवून ते पुढे म्हणाले, "देतो दाखला. पण बोरगुंडीच्या चिटणिसाला उघड्या कागदावर नाही देणार. उद्या ये."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रम्मांनी खलिता आणून ईरप्पांच्या हातात दिला. पिशवी जुन्या हिरव्या खणाची होती, तोंड शिवलेले होते. ईरप्पांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि रामहरीला समोर उभे राहायला सांगितले.

"आत काय आहे ते सांगतो, ऐक. 'रामहरी आमचे पदरी बापाच्या माघारी चिटणिशीस राहिला. आमचे डोळे गेल्यावर त्याने आम्हांस वाचून दाखविले. जे वाचिले त्यात आमचे भले होते. त्याचे हातून आमचे घराचा मान कधी खाली पडला नाही. ज्या साहेबाकडे तो जाईल त्याने त्यास हाती धरावे.' आवडलं?"

 रामहरीने वाकून पायांना हात लावला, आणि वर होताना ईरप्पांनी पिशवी त्याच्या तळव्यांवर ठेवली. आतला कागद वाजला.

जिना उतरताना तो हलका झाला होता. पाचव्या-सहाव्या पायरीवर त्याचे पाऊल रेंगाळले. हा मजकूर लिहिला कुणी? सिद्रामप्पा तर निघून गेला. सावित्रम्मांना अक्षरओळख नव्हती. बाकी घरात गडी आणि पाणक्या. गेली दोन वर्षे या घरात कागदावर ओळ उमटली ती रामहरीच्याच हाताने.

खोलीत गेल्यावर त्याने पिशवी अंबुबाईकडे दिली. देसायांची रीत देसायांपुरती, असे म्हणून तिने लगेच कात्रीने दोरा तोडला आणि घडी उलगडली. सोनेरी शिंपणाचा पूर्ण ताव होता. माथ्यावर बोरगुंडीकरांचा शिक्का नीट मधोमध उठलेला. तळाशी, मजकूर इथे संपला असे सांगणारी लहान मोर्तब, तीही सरळ. आंधळ्याने बोटांनी मापून उठवली असेल तर फार वेळ लागला असणार. दोन्ही मुद्रांच्या मध्ये कागद पांढराच होता.

"कोरा हाय की ह्यो," अंबुबाई म्हणाली. तिने तो उलटा करून बघितला.

"शिक्का आहे."

ती थोडा वेळ कागदाकडे आणि थोडा वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने कोनाड्यातली लेखणी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"लिवा मग. आणखी काय पायजे? त्येंनी तोंडानं सांगितलंय, तुमी कानानं ऐकलंय. खोटं काय हाय त्यात?"

खोटे काहीच नव्हते. त्याने लेखणी बुडवली, टोक दौतीच्या काठाला निपटले आणि शिक्क्याच्या खाली नेले. शाई सुकली. त्याने पुन्हा बुडवली. दोन वर्षे तो या घरात हवे ते बोलला होता, पण कागदावर त्याने एक अक्षरही खोटे घातले नव्हते. देवघरातल्या त्या चार पिशव्यांतले कागद सरकारने दिले तसेच होते. आपल्याजवळ एवढे तरी आहे, असे त्याने मनाशी धरले होते, कुणाला न सांगता. आता पहिल्यांदा लिहायचे ते स्वतःविषयी, दुसऱ्याच्या शिक्क्याखाली. 'त्याचे हातून' इथवर मजकूर त्याच्या ओठांवर येई आणि हात जागीच राही.

"तुमास्नी न्हाई यायचं हुबळीला," अंबुबाई अखेर म्हणाली. रागाने नाही. तिने परात पुढे ओढली आणि पीठ घेतले.

वरून काठीचे दोन ठोके आले. वर्तमानपत्राची वेळ झाली होती. रामहरीने कागदाची घडी केली, कोट चढवला आणि तो कागद हातात घेऊनच वर गेला.

ईरप्पा नेहमीच्या जागी होते. वर्तमानपत्र शेजारी दुमडलेले पडले होते. त्यांनी ते पुढे केले नाही.

"फोडलास खलिता?"

"होय, धनी."

"मग रीतसर वाच. आम्हाला ऐकू दे, कसा उतरलाय."

रामहरीने घडी उलगडून कागद डोळ्यांपुढे धरला. उजेड मागून येत होता आणि शिंपणाचे सोनेरी ठिपके तेवढे चमकत होते. त्याने वाचायला सुरुवात केली. आवाज लागत नव्हता. रामहरी आमचे पदरी बापाच्या माघारी चिटणिशीस राहिला. आमचे डोळे गेल्यावर त्याने आम्हांस वाचून दाखविले. 'जे वाचिले' हे पुढचे वाक्य त्याने गाळले. त्याचे हातून आमचे घराचा मान कधी खाली पडला नाही. ज्या साहेबाकडे तो जाईल त्याने त्यास हाती धरावे.

ईरप्पांनी मान खाली घालून ऐकले. गाळलेले वाक्य त्यांनी भरून काढले नाही.

"मजकूर बरा आहे," ते म्हणाले. "अक्षर कुणाचं आहे रे?"

रामहरीने हाताकडे पाहिले. बोटांना सकाळपासून शाई लागली नव्हती.

"धनी..." तो म्हणाला.

ईरप्पा वाट बघत राहिले. खाली एक माग थांबला, आणि कुणीतरी तुटलेला धागा जोडून तो पुन्हा सुरू केला. मग ईरप्पांनी हाताने चाचपत लिहिण्याचा डेस्क रामहरीच्या जागेकडे सरकवला.

"बस. मी सांगतो."

रामहरी बसला. कागद त्याने डेस्कावर पसरला, तळव्याने घडी मोडली आणि दौत जवळ ओढली.